भेसळ म्हणण्याआधी हाराना जुळवून बघा

मेक्सिकन-अमेरिकन गायिका लिला डाउन्सचं गाणं कुठे वाजलं की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एका बाजूला कपाळाला आठ्या: दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या सुरांत सॅक्सोफोन कशाला, रांचेरात (मेक्सिकोच्या जुन्या भावगीतांत) हिपहॉप कशाला, वडील अमेरिकन आणि शिक्षण मिनेसोटात, मग ही बाई मेक्सिकोच्या परंपरेचं नाव कोणत्या तोंडानं घेते? दुसऱ्या बाजूला तितकीच तयार टाळी: संगीताला सीमा नसतात, मिश्रण म्हणजे प्रगती, कुरकुरणारे कायम कुरकुरणारच. २०२३ मध्ये एस्लाबोन आर्मादो आणि पेसो प्लुमा यांचं ‘एया बाइला सोला’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं, तेव्हाही कोरिदोच्या, म्हणजे मेक्सिकन पोवाड्याच्या, नावानं हेच दोन तंबू ठोकले गेले. गंमत अशी, की एका गोष्टीवर दोन्ही तंबूंचं एकमत आहे: मिसळणं हाच खरा मुद्दा.

माझ्या मते तो मुद्दाच नाही. दुधात पाणी घातलं तर भेसळ होते, विरजण घातलं तर दही लागतं; बाहेरून तर दोन्ही येतं. तेव्हा ‘बाहेरचं आणलं का’ हा प्रश्न निरुपयोगी, आणि ‘बाहेरचं आणलं म्हणून छान’ ही शाबासकीही तितकीच पोकळ. देश सोडून गेलेला किंवा दोन देशांत वाढलेला गीतकार-गायक जुन्या मेक्सिकन बाजाला हात घालतो, तेव्हा एक कसोटी लावावी. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेराक्रूझच्या एखाद्या खेड्यातला वादक आपली हाराना, म्हणजे तिथली लहान गिटार, काखोटीला मारून त्या नव्या गाण्यात शिरला, तर त्याला बसायला जागा सापडते का? जागा असेल तर सॅक्सोफोन असो की संगणकावरचा ताल, परंपरा चालू आहे. जागा नसेल, तर शुभ्र पोशाख आणि हातपंखा सगळं जागच्या जागी असूनही ती नुसती सजावट आहे.

सुरुवात शुद्धतावाद्यांपासून करू, कारण त्यांचं म्हणणं वरवर जास्त भारदस्त वाटतं. ते ज्याला मूळ म्हणतात ते किती जुनं? मारियाची, म्हणजे मेक्सिकोचा वाद्यवृंद, म्हटलं की रुंद टोपी, चांदीच्या बटणांचा चारो पोशाख आणि खणखणीत ट्रम्पेट डोळ्यांपुढे येतं. हालिस्कोच्या खेड्यांतल्या जुन्या मारियाचीत मुख्य कारभार तारवाद्यांचा: व्हायोलिन, विहुएला, गितारॉन, हार्प. १९३० मध्ये मेक्सिको सिटीत एक्सईडब्ल्यू हे ताकदवान रेडिओ केंद्र सुरू झालं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, हवेतून घरोघरी पोचताना उठून दिसेल असा आवाज म्हणून, ट्रम्पेट पक्कं बसलं. १९४४ मध्ये रुबेन फुएन्तेस हा पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण घेतलेला व्हायोलिनवादक मारियाची वार्गास दे तेकालितलान या संचात आला आणि कागदावर लिहून दिलेल्या मांडणीची शिस्त आली. युनेस्कोनं २०११ मध्ये मारियाचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते अर्थात ट्रम्पेटसकट. वेराक्रूझच्या किनारपट्टीवरच्या सोन हारोचो या लोकसंगीताचीही तीच कथा. हार्पवादक आंद्रेस उएस्कानं उभं राहून वाजवता येईल असा मोठा हार्प ध्वनिमुद्रिकांतून आणि चित्रपटांतून लोकप्रिय केला. मिगेल आलेमान यांच्या १९४६ च्या अध्यक्षीय प्रचारात ‘ला बाम्बा’ हे सोन हारोचोतलं गाणं गाजलं. मग लोकनृत्याच्या मंडळ्यांनी त्याला पांढरे कपडे चढवले आणि लय वाढवली. पर्यटकानं पाहिलेलं ‘अस्सल’ ते हे. १९७७ मध्ये मोनो ब्लांको हा गट सुरू झाला. त्यातल्या मंडळींनी आर्कादियो इदाल्गो यांच्यासारख्या वयोवृद्ध खेडुत वादकाजवळ बसून गावचा फांदांगो, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाण्या-नाचण्याची बैठक, पुन्हा उचलला, तेव्हा पंचाईत झाली. परंपरा आता कुठली म्हणायची? शुभ्र पोशाखातली की ओसरीवरची?

आणखी मागे जा, तर ओसरीवरचीही ‘शुद्ध’ निघत नाही. वेराक्रूझ हे स्पेनच्या जहाजांचं बंदर आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचंही. स्पॅनिश कवितेचे छंद, आफ्रिकी ठेका आणि स्थानिक माणसांचं जगणं तिथे एकमेकांत मुरलं. १७६६ मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, ‘चुचुम्बे’ नावाच्या नाचगाण्यावर बंदी घातली. ते हवानाहून आलेल्या जहाजांतून उतरलं होतं आणि पाद्र्यांना अश्लील वाटत होतं. म्हणजे पहारेकरी तेव्हाही होते आणि बाहेरून आलेल्याला पकडण्याची त्यांची घाईही तीच. आज त्याच ‘चुचुम्बे’चं नाव सोन हारोचोच्या पूर्वजांत आदरानं घेतलं जातं.

पण मला सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते उत्तरेकडचं, अ‍ॅकॉर्डियनचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोत जर्मन, चेक, पोलिश वस्ती झाली आणि तिच्यासोबत पोल्का हा नाच आणि बटणांचं अ‍ॅकॉर्डियन आलं. या वाद्याच्या डाव्या बाजूला खर्जाची बटणं असतात. युरोपातला वादक सूर उजव्या हातानं आणि साथ डाव्या हातानं अशी दुहेरी कामगिरी करतो. नार्सिसो मार्तिनेसनं १९३० च्या दशकात डावी बाजू जवळजवळ सोडूनच दिली. खर्ज आणि ठेका सान्तियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोकडे, म्हणजे बारा तारांच्या जाडजूड गिटारकडे सोपवला आणि उजव्या हाताला मोकळं रान दिलं. सूर झणझणीत आणि तुटक झाले, नोर्तेन्योचा, म्हणजे त्या उत्तरेकडच्या संगीताचा, आवाज जन्मला. वाद्य परदेशी होतं. इथल्या जोडीदाराला जागा मिळावी म्हणून त्याचा अर्धा भाग गप्प बसवला गेला. मिसळण्याची कला असते ती इतकी नेमकी.

मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको, कारण अ‍ॅकॉर्डियनची चुलतबहीण आपल्या देवघरापर्यंत पोचलेली आहे. पेटीही त्याच युरोपीय पोलादी-पितळी पत्त्यांच्या कुळातली. तिचा पायभाता काढून हातभाता लावला, ती जमिनीवर बसली आणि डावा हात हवा भरण्यात गुंतला. सूर पक्के बांधलेले, मींड निघत नाही, ही तक्रार खोटी नव्हती. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. दरम्यान गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी नाट्यसंगीतात काय केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आज भजनी मंडळात कुणी पेटीला ‘विलायती’ म्हणालं, तर टाळकरी त्याच्याकडे वळूनही बघणार नाहीत.

इथपर्यंत सोपं आहे, आणि म्हणूनच मिश्रणवाले इथेच थांबतात. परंपरा पूर्वीही मिसळलेलीच होती, तेव्हा आता काहीही मिसळा, असा त्यांचा हिशोब. तो मला पटत नाही, कारण विरोधकांकडे तीन भक्कम मुद्दे आहेत आणि त्यांना कुणी सरळ उत्तर देत नाही. पहिला पैशाचा. लोकगीत ‘पारंपरिक’ म्हणून नोंदवायचं, स्वतःला मांडणीकार म्हणवून घ्यायचं आणि रचनाकाराच्या वाट्यातला हिस्सा उचलायचा, हा ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला जुना आणि कायदेशीर रस्ता आहे. ज्या म्हाताऱ्याकडून चाल शिकली त्याचं नाव कव्हरवर बारीक अक्षरातही नसतं. दुसरा भाषेचा. मिश्तेक किंवा झापोतेक या आदिवासी भाषांतल्या दोन ओळी मसाल्यासारख्या भुरभुरायच्या आणि बाकी गाणं स्पॅनिशमध्ये, म्हणजे भाषेचं दागिना म्हणून प्रदर्शन. तिसरा विषमतेचा. मिसळणाऱ्याकडे पासपोर्ट असतो; ज्याची चाल मिसळली त्याला व्हिसा मिळत नाही. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत.

पण तिन्ही नीट वाचले तर दिसतं, की त्यांतला एकही मिसळण्याविरुद्ध नाही. मांडणीकाराचा हिस्सा तर जसंच्या तसं, अगदी ‘शुद्ध’ गाणाराही उचलू शकतो. मेक्सिकोनं जानेवारी २०२२ मध्ये आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा गाभाही संमती आणि लाभातला वाटा हा आहे. इलाज हिशोबाचा आहे आणि तो ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच करावा लागतो: चाल कुठल्या गावच्या कुणाकडून शिकली ते लिहून ठेवायचं, मांडणीच्या हिश्श्यात त्याची टक्केवारी आधी ठरवायची, वाद्य त्यानं वाजवलं असेल तर वादक म्हणूनही वेगळी नोंद करायची. नंतर करू म्हटलं की राहतं.

व्हिसाच्या बाबतीत तर शुद्धतेचा आग्रहच उलटतो. अमेरिकेत ‘सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण’ कलाकारांसाठी पी-३ नावाचा व्हिसा आहे. ऑर्केस्ता केफ हा अर्जेंटिनातला गट. तो पूर्व युरोपातल्या ज्यूंचं क्लेझ्मर संगीत लॅटिन अमेरिकी बाजाशी मिसळून वाजवतो. लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल कल्चरल सेंटरनं त्यांच्यासाठी अर्ज केला, तेव्हा तो आधी नाकारला गेला. मिश्र शैली कुठल्या एका देशाची खास म्हणायची, हा अडसर. २०१२ मध्ये वरिष्ठ प्रशासकीय कार्यालयानं तो निर्णय फिरवला आणि वैशिष्ट्यपूर्ण कला पारंपरिकच असली पाहिजे असं नाही, संकरातूनही ती घडू शकते, असा दाखला घालून दिला. विचार करा: ज्यांच्या आजोबांनी देश बदलला त्यांच्या नातवंडांकडे आधीच्या अधिकाऱ्यांनी मागितलं काय, तर एकाच मातीचा दाखला! शुद्धतावादी टीकाकार हेच काम बिनपगारी करतो.

आता कसोटीकडे येऊ, कारण जागा आहे की नाही हे भावनेनं ठरत नाही. ते लाकूड, तार आणि मात्रा यांत ठरतं. हाराना ही सेद्रो नावाच्या लाकडाच्या एका अखंड ठोकळ्यातून कोरलेली लहान गिटार. तिला पाच जागांवर आठ तारा: कडेच्या दोन एकेरी, मधल्या तीन जोड्या. नेहमीची जुळणी आपल्या भाषेत सांगायची तर प-सा-ग-ध-प. पहिली आणि शेवटची तार दोन्ही पंचम, म्हणजे सूर ओळीनं चढत जात नाहीत, फिरून परत येतात. त्यामुळे हातानं झपकारा मारला की खर्जाचा ढीग पडत नाही, आवाज मध्यभागी घट्ट राहतो. स्टुडिओत हाराना नाही म्हणून साधी गिटार घेतली जाते आणि गाणं तिथेच जड होतं. नाइलाज असेल तर गिटारच्या पाचव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा. वरच्या चार तारांवर तेच प-सा-ग-ध मिळतात. खालच्या दोन जाड तारांना हात लावू नये. तरी जोडतारांची झणझण आणि परत फिरणारा पंचम मिळत नाहीच, पण निदान हारानावाला शेजारी येऊन बसला तर त्याचा आवाज गाडला जाणार नाही.

खरा घोळ होतो तालात. दादऱ्याच्या सहा मात्रा घ्या. त्या तीन-तीन मोजल्या तर दोन ठोके पडतात, दोन-दोन-दोन मोजल्या तर तीन. सोन हारोचोच्या बहुतेक रचनांत या दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालू असतात: हारानाचा हात एक म्हणतो, नाचणाऱ्याची टाच दुसरं, आणि ऐकणाऱ्याचं डोकं सुखानं गरगरतं. मग येतो ड्रमर. तो सवयीनं स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमचा, ठोका ठरलेल्या जागी देतो आणि तीन-तीनचा हिशोब खिळा ठोकल्यासारखा पक्का होतो. दुसरी मोजणी त्याच क्षणी मरते. बेस गिटारही दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पाय रोवते, तर गावातली लेओना, म्हणजे खर्जाचं तारवाद्य, समेला कधी भेटते, कधी हुलकावणी देते. यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. मेट्रोनोमचा टिकटिकाट सहा मात्रांत एकदाच ठेवायचा, म्हणजे तो कुठल्याच मोजणीची बाजू घेत नाही. हाराना आणि नाचाची फळी आधी, एकत्र, एकाच खोलीत ध्वनिमुद्रित करायची आणि ड्रम्स त्यावर चढवायचे. उलट क्रम केला की गाव स्टुडिओच्या मागे फरफटतं. स्नेअर शक्यतो घरीच ठेवायचा.

फळीबद्दल थोडं. तारिमा म्हणजे वीतभर उंचीचा पोकळ लाकडी चौथरा. त्यावर टणक टाचांचे बूट घालून नाचतात, आणि ते नाचणं म्हणजेच तालवाद्य. पण फांदांगोत एक शिस्त असते. कुणी कवन गायला तोंड उघडलं की पाय हलके होतात, घासल्यासारखे पडतात. शब्द संपून वाद्यं मोकळी झाली की पुन्हा धडधड. शब्दाला वाट करून देण्याची ही चाल नाचणाऱ्या बाईच्या पायात असते, ध्वनिमुद्रकाच्या बोटात नसते. महोत्सवी मंचावर पुष्कळदा नर्तकी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच जोरानं आदळते, कारण प्रेक्षक आदळण्यालाच टाळ्या देतात. आणि स्टुडिओत आवाजाचे चढउतार दाबणारा कम्प्रेसर इतका आवळला जातो, की हलका पाय आणि जड पाय एकाच उंचीचे होतात. ऐकणाऱ्याला वाटतं काय ऊर्जा आहे. जाणत्याला कळतं की गाणाऱ्यासाठी दारच उरलेलं नाही.

आणि शेवटी कवन. आठ अक्षरांच्या ओळी, चार, पाच किंवा सहा. आपल्या अष्टाक्षरीच्या कानाला ओळखीच्या. एकजण अर्ध कवन टाकतो, दुसरा ते उचलतो, तिसरा त्याच विषयावर टोमणा मारतो. एक सोन, म्हणजे एक रचना, अर्धा तासही चालतो. गीतकार-गायकाची पंचाईत इथे होते. त्याचे शब्द ठरलेले, गाणं साडेतीन मिनिटांचं, नाव त्याचं. त्याला सगळं उघडं ठेवता येत नाही हे मान्य. पण मध्ये दोन कवनांची जागा रिकामी ठेवता येते, निदान मंचावर. ती ठेवली आहे की नाही यावरून माणूस फांदांगोत बसून आला आहे की ध्वनिमुद्रिका ऐकून, ते लगेच ओळखू येतं.

या मापानं रिची व्हॅलेन्सकडे पाहा. लॉस एंजेलिसच्या पाकोइमा वस्तीतला १७ वर्षांचा पोरगा, खरं आडनाव व्हॅलेन्सुएला, स्पॅनिश धड बोलता न येणारा. त्यानं १९५८ मध्ये ‘ला बाम्बा’ विजेच्या गिटारवर चढवलं. शुद्धतेच्या नियमानं हा कडेलोट व्हायला हवा होता. झालं उलटं, आणि त्याला कारण आहे: ‘ला बाम्बा’ हे सोन हारोचोतल्या त्या मोजक्या रचनांपैकी आहे, ज्या सहा मात्रांत नसून सरळ चारात चालतात. रॉकचा ठेका त्यात काही मोडत नाही. सा-म-प या तीन स्वरांवरच्या कॉर्डचं गोल फिरणारं चक्र व्हॅलेन्सनं जसंच्या तसं ठेवलं, कवनं ठेवली. हारानावाला आजही त्या ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवू शकतो. लॉस लोबोसनं १९८७ मध्ये ते पुन्हा केलं, बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर नेलं आणि शेवटी विजेची वाद्यं थांबवून साध्या लाकडी तारांचा तुकडा जोडला. जणू पाहुण्याला घरचं दार दाखवून ठेवलं. मात्र या यशानं एक गैरसमजही पेरला, की कुठलाही सोन असाच रॉकमध्ये बसेल. बसत नाही. पुढच्या कितीतरी फसलेल्या मिश्रणांचं मूळ या एका अपवादाला नियम समजण्यात आहे.

लिला डाउन्सचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आणि जास्त महत्त्वाचं. १९६८ मध्ये ओआहाकातल्या त्लाहियाकोचा जन्म, आई मिश्तेक गायिका, वडील अमेरिकन. मिनेसोटा विद्यापीठात गायन आणि मानववंशशास्त्र, ओआहाकातल्या त्रिकी या आदिवासी समाजातल्या बायकांच्या विणकामाचा अभ्यास. म्हणजे ‘हौशी परकी’ हा शिक्का तिथेच गळून पडतो. पण मला तिच्या गाण्याची किल्ली सापडते ती विद्यापीठात नाही, आईच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात. एक मिश्तेक माणूस तिथे एक कागद घेऊन आला: उत्तरेकडून आलाय, इंग्रजीत आहे, वाचून दे. तो त्याच्या मुलाचा मृत्यूचा दाखला होता. पोरगा सीमा ओलांडताना बुडाला होता. हे त्याला सांगायची वेळ लिलावर आली. या प्रसंगातून पुढे ‘ओफ्रेंदा’ हे गाणं झालं आणि २००१ मध्ये तिनं ‘ला लिनेआ’ हा सीमेवरचा अख्खा संग्रह काढला. त्यात अमेरिकन मजुरांचा गायक वुडी गथ्री मेक्सिकन वाद्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. आता सांगा, हा कागद कोणत्या ‘शुद्ध’ बाजात गायचा? बातमी दोन भाषांत आली होती. गाणं एकाच भाषेत राहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

कसोटी मात्र तिलाही लावायलाच हवी आणि ती प्रत्येक वेळी उत्तीर्ण होत नाही. १९९९ च्या ‘ला सान्दुंगा’ या संग्रहातली, ओआहाकातल्याच तेहुआन्तेपेकच्या संथ चालीची गाणी ओआहाकाच्या कुठल्याही गावबँडला उचलता येतील. तिच्या संचात हार्प वाजवलेला सेल्सो दुआर्ते हा पराग्वेहून मेक्सिकोत स्थिरावलेल्या हार्पवाल्यांच्या घरातला. त्याला तिनं सजावटीसाठी ठेवलं नाही, गाण्याचा कणा त्याच्या हाती दिला. २००६ च्या ‘ला कान्तिना’त रांचेरांवर जिथे हिपहॉपचा थर चढतो, तिथे मात्र काही ठिकाणी थरच उरतो आणि खालची गिटार गुदमरते. हुइपिल हा आदिवासी बायकांचा विणलेला अंगरखा घालून मंचावर येण्याबद्दल तिला जे ऐकावं लागतं त्यातलं बरंचसं पोकळ आहे. या आवाजाच्या मिश्रणाबद्दल बोललं गेलं असतं तर जास्त उपयोग झाला असता.

या कसोटीतून निसटणारी माणसंही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. गायिका ल्हासा दे सेला, मेक्सिकन बाप आणि अमेरिकन आई, बालपण शाळेच्या जुन्या बसमध्ये दोन देशांत फिरत गेलेलं, १९९१ मध्ये फ्रेंचभाषक माँट्रियालला आली आणि १९९७ मध्ये स्पॅनिशमध्ये ‘ला योरोना’ हा संग्रह काढला. त्यात हारानावाल्याला जागा नाही. तिथली हवा सर्कशीची, क्लेझ्मरची, धुरकट खोलीची. तरी ते अप्रतिम आहे, आणि ती फसवणूकही नाही, कारण तिनं आपण सोन गातोय असा दावा कधी केला नाही. कसोटी परंपरेचं नाव सांगणाऱ्यासाठी आहे. उलट टोकाला रांचेरा गायिका चावेला वार्गास: १९१९ मध्ये कोस्टारिकात जन्मलेली, किशोरवयात मेक्सिकोत आलेली. तिनं रांचेरात काही घातलं नाही, काढलं. मारियाची काढला, ट्रम्पेट काढलं, एक गिटार ठेवली आणि लय इतकी संथ केली की प्रत्येक शब्दाची शीर दिसावी. हा शुद्ध आधुनिक प्रयोग होता आणि करणारी परदेशातून आलेली. तरी तिला भेसळ म्हणायला कुणी धजलं नाही. काढून टाकलेलं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, इतकंच.

आता ‘संगीताला सीमा नसतात’वाल्यांकडे वळतो, कारण माझा राग त्यांच्यावर जरा जास्तच आहे. सुराला नसेल, पण गाणाऱ्याला सीमा असते आणि ती लोखंडाची असते. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेच्या ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले. त्यांनी काम करायचं आणि हंगाम संपला की परतायचं. त्यांच्या गाण्यात अ‍ॅकॉर्डियन आलं ते प्रयोगशीलतेच्या हौसेतून नाही, नाचघरात तेच होतं म्हणून. मिसळणं स्थलांतरितासाठी धोरण नसतं, परिस्थिती असते. तिच्यातून तो काय उभारतो, ते त्याचं कसब. पूर्व लॉस एंजेलिसच्या केत्साल या गटानं रॉक आणि सोलमध्ये हाराना आणली, पण तेवढ्यावर भागवलं नाही. मार्था गोन्सालेस आणि सोबती वेराक्रूझला जाऊन राहिले, तिथल्या बायकांसोबत गाणी रचली, आणि परत आल्यावर कार्यक्रमांइतकाच जोर तारिमाभोवतीच्या शिकण्या-शिकवण्यावर दिला. २०१३ मध्ये त्यांच्या ‘इमॅजिनरीज’ला ग्रॅमी मिळालं. मला त्याहून मोलाचं हे वाटतं, की त्यांच्या शहरात कोपऱ्यावरच्या फांदांगोत शिरणारा नवखा आधी कडेला उभा राहून एकच झपकारा शिकतो, सोलो मागत नाही.

२००८ पासून तिहुआना आणि सॅन दिएगो यांच्यामधल्या कुंपणाशी, जिथे ते पॅसिफिकच्या पाण्यात उतरतं, फांदांगो फ्रोन्तेरिसो भरतो. अमेरिकेच्या बाजूला जवळ जाऊ देतील की नाही, हे त्या त्या वेळच्या सीमा गस्ती दलाच्या मर्जीवर. दोन्हीकडे जमता येतं तेव्हा दोन्हीकडे तारिमा मांडतात. मध्ये लोखंडी खांब, त्यावर इतकी बारीक जाळी की करंगळीचं टोक जेमतेम जावं. पलीकडचा हात दिसत नाही, म्हणून हारानावाले एकमेकांकडे बघून वाजवण्याऐवजी जाळीला कान देऊन वाजवतात. लाटांच्या आवाजात पलीकडची सम हरवली तर ऐकत थांबतात, सापडली की पुन्हा धरतात. कवन इकडून टाकलं तर उत्तर तिकडून येतं, आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही फळ्यांवरचे पाय हलके पडत राहतात. कुणी रॉक वाजवणारं असतं, कुणी फक्त गावचं. पहिला सोन ठरलेला असतो, ‘सिकिसिरी’, आणि तो सगळ्यांना येतो.